तलाक, मुले आणि आपली शाळा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते संस्थेच्या माध्यमिक विद्यालयात शिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



दरवर्षी या मेळाव्यात शिष्यवृत्त्या, दहावीचा निकाल, मुलींचे उच्च शिक्षण अशा विषयांवर भाषणे होतात. ती व्हायलाच हवीत. यंदा मात्र मी कार्यकारी मंडळाकडून एक वेगळा विषय मागून घेतला. ज्या मुलांच्या आई-वडिलांचा तलाक किंवा खुला झाला आहे, त्या मुलांना सावरण्यासाठी शाळा काय करू शकते, हा तो विषय. हे कळताच आपल्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, घरातल्या गोष्टी व्यासपीठावर कशाला?" त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु घरातली ही गोष्ट रोज सकाळी दप्तर घेऊन वर्गात येऊन बसते, आणि घराबाहेर ती प्रथम दिसते ती शिक्षकाला. तेव्हा शिक्षकाने ती बोलून दाखवली तर तुम्ही रागावू नये, अशी विनंती आहे.

तलाक कोणी दिला, का दिला, चूक कोणाची, यात मी पडणार नाही. एका दमात दिलेल्या तीन तलाकाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आणि त्यानंतरचा २०१९ चा कायदा यांवर आपल्या समाजात भरपूर बोलले गेले आहे. त्या साऱ्या चर्चेत बाजू दोनच असतात, नवरा आणि बायको. मूल ज्याच्या कडेवर असेल त्याच्या बाजूचे, असे आपण धरून चालतो. मुलाला स्वतःचे असे काही म्हणणे असते, हे आपल्या मनातच येत नाही.

आता शिक्षकाला काय दिसते ते सांगतो. चौथ्या तासाला पोट दुखते म्हणून कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसणारा मुलगा दिसतो. ओवा दिला, पाणी दिले की अर्ध्या तासाने बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायला सांगितली की एखादी मुलगी आठवडाभर टाळाटाळ करते, कारण सही कोणाची घ्यायची हेच तिला उमगत नाही. एखादा मुलगा विनाकारण मारामारी करू लागतो. एखादी मुलगी मात्र एकाएकी फार शहाणी होते, आणि मला अशा शहाण्या मुलांचीच अधिक काळजी वाटते. दहा वर्षांची पोर आईला धीर देऊ लागली, धाकट्या भावाचा डबा भरू लागली की आपण सगळे तिचे कौतुक करतो, किती समजूतदार आहे म्हणतो. तिने कोणाजवळ रडायचे हे कोणी विचारत नाही.

लहान मुलांच्या मनात याविषयी काय चालते, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरिन परगण्यात ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली या दोन विदुषींनी १९७१ मध्ये ६० घटस्फोटित कुटुंबांतील १३१ मुलांच्या मुलाखती सुरू केल्या आणि पुढे अनेक वर्षे त्या मुलांचा मागोवा ठेवला. त्यांत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. आपल्याच वागण्याने घर मोडले, अशी समजूत अनेक लहान मुले मनाशी घट्ट धरून असतात. मी हट्ट केला, मी गृहपाठ केला नाही, मी आजारी पडलो नि पैसे खर्च झाले, म्हणून अब्बा गेले. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटेल. पण पाच-सात वर्षांच्या मुलाच्या जगात सगळे काही त्याच्याभोवतीच घडत असते. मग एवढी मोठी गोष्ट त्याच्यामुळे का घडली नसेल? हे तो कोणाला विचारत नाही. विचारले तर उत्तर "होय" येईल, ही त्याला भीती असते.

वॉलरस्टीन यांचे निष्कर्ष बरेच निराश करणारे होते आणि त्यांवर रास्त टीकाही झाली. कुटुंबे थोडी, त्यांतली पुष्कळशी सुखवस्तू, आणि तुलनेसाठी न मोडलेली घरे घेतलेली नव्हती. पुढे मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनिया राज्यात तुलनेसह दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घटस्फोट झालेल्या घरांतील सुमारे २५ टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी येतात, तर अखंड घरांतील सुमारे १० टक्के मुलांना. हे आकडे परदेशातले आहेत. तरी त्यांतून दोन्ही गोष्टी वाचता येतात. धोका दुपटीहून अधिक वाढतो, हे खरे. आणि चारांतली तीन मुले बऱ्यापैकी सावरतात, हेही तितकेच खरे. "आता या लेकराचे काही खरे नाही" असे मोहल्ल्यात मुलाच्या देखत जे बोलले जाते, त्याला काहीही आधार नाही. ते बोलणे थांबवले तरी मुलावर मोठे उपकार होतील.

प्रश्न असा की ज्या चौथ्या मुलाला अडचण येणार आहे, त्याच्यासाठी आधीच काही करता येते का? येते. अमेरिकेतल्या शाळांनी ते करून पाहिले आहे. न्यूयॉर्क राज्यात बॉलस्टन स्पा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शाळेत समाजकार्यकर्त्या म्हणून काम करणाऱ्या एलिझाबेथ मॅकगोनॅगल यांनी १९७८ मध्ये अशा मुलांचे छोटे गट सुरू केले आणि त्यांना नाव दिले 'बनाना स्प्लिट्स'. हे तिकडच्या एका खाऊचे नाव आहे. केळे उभे चिरून मध्ये आइस्क्रीम घालतात. दुभंगणे हा अर्थ त्यात आहेच, पण नाव गोड आहे; मुलाला ते सांगताना लाज वाटत नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण असे काही काढले असते तर 'तलाकपीडित बालक साहाय्य केंद्र' असा फलक लावून दारावरच मुलाची मान खाली घालायला लावली असती.

याहून शिस्तबद्ध काम त्याच राज्यातील रोचेस्टर विद्यापीठातून झाले. जोॲन पेड्रो-कॅरोल आणि एमोरी कोवेन यांनी १९८२ मध्ये शाळकरी मुलांसाठी एक कार्यक्रम आखला. प्रथम तो चौथी ते सहावीच्या मुलांसाठी होता. नंतर बालवर्गापासून आठवीपर्यंत वयाप्रमाणे त्याची वेगवेगळी रूपे झाली. रचना साधी आहे. एका गटात मोजकीच मुले. आठवड्यातून एकदा, शाळेच्याच वेळेत, साधारण एका तासिकेइतका वेळ. गट चालवायला दोन मोठी माणसे, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. असे काही आठवडे ओळीने चालते. स्त्री-पुरुषांची जोडी का, तर दोन मोठी माणसे एकमेकांशी सभ्यपणे बोलतात, मतभेद झाला तरी आवाज चढवीत नाहीत, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. काही मुलांनी ते घरी फारसे पाहिलेलेच नसते.

पहिले काही आठवडे तलाकाचा प्रश्न थेट काढत नाहीत. भावना ओळखण्याचे खेळ होतात. एकाने तोंडाने न बोलता राग करून दाखवायचा, दुसऱ्याने ओळखायचे. लहानांच्या वर्गात कळसूत्री बाहुली असते. मूल स्वतःविषयी बोलत नाही, पण बाहुलीला का रडू येते हे मात्र सविस्तर सांगते. ज्यांनी पहिलीचा वर्ग घेतला आहे त्यांना हे पटेल. मग हळूहळू गैरसमज काढायचे काम येते: वेगळे होण्याचा निर्णय मोठ्यांनी घेतला, मुलाच्या वागण्याने तो झाला नाही, आणि मुलाच्या चांगल्या वागण्याने तो बदलणारही नाही. हे शेवटचे वाक्य कठोर आहे, परंतु त्याची गरज असते. कारण पुष्कळ मुले वर्षानुवर्षे आदर्श वागून आई-वडिलांना पुन्हा एकत्र आणण्याची खटपट करीत असतात आणि ते जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत राहतात.

यानंतरचा भाग मला सर्वांत उपयोगी वाटला. त्यात मुलांना लाल दिवा आणि हिरवा दिवा असा खेळ शिकवतात. समोर एकेक अडचण ठेवायची. जी सोडवणे मुलाच्या हाती नाही, तिच्यापुढे लाल दिवा. जिच्यात तो काही करू शकतो, तिच्यापुढे हिरवा. आपल्याकडची उदाहरणे घालून सांगतो. अब्बांनी दुसरे लग्न केले: लाल. अम्मी रात्री रडते: लाल, तिला सांभाळायला नानी आहे, खाला आहे, ते काम आठ वर्षांच्या मुलाचे नव्हे. अब्बा फोनवर विचारतात की तुझी अम्मी कोणाकोणाशी बोलते: हिरवा. येथे मूल असे म्हणू शकते की, "अब्बा, हे तुम्ही अम्मीलाच विचारा, मला माझ्या क्रिकेटचे विचारा." वर्गातली मुले चिडवतात: हिरवा. काय उत्तर द्यायचे याची गटात तालीम होते. मुलाच्या डोक्यावरून निम्मे ओझे उतरते ते अशा निवडीने. तांदळातले खडे वेगळे काढल्यासारखे हे काम आहे. एकदा हाताला सवय झाली की पुढे मूल आपले आपण करते.

शेवटी शेवटी थोड्या मोठ्या मुलांचे 'तज्ज्ञ मंडळ' भरते. दूरदर्शनवर जसे जाणकार टेबलामागे बसतात तशी ही मुले बसतात आणि बाकीचे त्यांना प्रश्न विचारतात: आई-वडील भांडू लागले तर तुम्ही काय करता? ईदला कोणाकडे जाता? ज्याला सगळे जण बिचारा म्हणत होते, तो आता दुसऱ्याला सल्ला देतो. यातून मुलाचा ताठ कणा परत मिळतो, असे मला वाटते.

हे सारे गोड वाटते म्हणून त्या लोकांनी ते चालू ठेवले नाही. त्यांनी मोजून पाहिले. काही मुलांना लगेच घेतले, काहींना प्रतीक्षायादीत ठेवून नंतर घेतले, आणि दोन्ही गटांची तुलना केली. स्वतः मुले, पालक, गट चालवणारे आणि वर्गशिक्षक या सर्वांकडून माहिती घेतली. गटातल्या मुलांची भीती-चिंता कमी झाली आणि वर्गातले वागणे सुधारले. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन वर्षांनंतरही हा फायदा टिकून असल्याचे दिसले. तीत एक बारीकशी नोंद आहे: या मुलांच्या शाळेतल्या परिचारिकेकडे होणाऱ्या खेपाही कमी झाल्या. ती वाचून मला आपल्या कार्यालयाची पायरी आणि ओव्याची बाटली आठवली.

भगिनींनो, आता तुमच्याकडे वळतो. ॲरिझोना राज्यातील विद्यापीठात शार्लिन वोल्चिक, अर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू बिगिनिंग्ज' म्हणजे नवी सुरुवात या नावाचे वर्ग आयांसाठी घेतले. ९ ते १२ वर्षांची मुले असलेली २४० कुटुंबे निवडली. त्यांचे तीन गट पाडले. एका गटात फक्त आयांचे वर्ग, दुसऱ्यात आयांचे आणि मुलांचेही, आणि तिसऱ्या गटाला नुसती पुस्तके वाचायला दिली. आयांचे वर्ग ११ होते. त्यांत काय शिकवले? मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणे. रोज थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी ठेवणे. शिस्तीचे नियम थोडे पण ठाम ठेवणे. दया आली म्हणून आज सूट आणि उद्या राग आला म्हणून मार, असे न करणे. मुलाच्या देखत वडिलांशी न भांडणे आणि वडिलांशी त्याचा संबंध न तोडणे. सहा वर्षांनी, मुले वयात आल्यावर, त्यांना पुन्हा तपासले. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती पुस्तके मिळालेल्या गटातील २३.५ टक्के मुलांत त्या वर्षभरात मानसिक विकाराचे निदान झाले होते. आई व मूल दोघांचे वर्ग झालेल्या गटात ते प्रमाण ११ टक्के होते. विशेष असे की आईचे वर्ग झाल्यावर त्यात मुलाच्या वर्गाची भर घातल्याने सुरुवातीला फारसा जादा फरक दिसला नव्हता. म्हणजे घरातली आई सावरली, की औषधाचा बराच भाग मुलाला घरीच मिळतो.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे पुन्हा सारे आईच्याच गळ्यात! तसे माझे मुळीच म्हणणे नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांतले कर्ते पुरुष कुवेत, कतार, दुबईला असतात. तलाकानंतर त्यांतले काही जण पैसे पाठवतात पण फोन करीत नाहीत. काही फोन करतात आणि पैसे पाठवीत नाहीत. मुलाला दोन्ही लागते. आठवड्यातला एक ठरलेला वार, एक ठरलेली वेळ, आणि त्या वेळी खरोखर फोन येणे, याची किंमत वाढदिवसाला आलेल्या महागड्या मोबाइलपेक्षा जास्त आहे. ज्या दिवशी फोन येणार म्हणून मूल संध्याकाळपासून दाराशी बसते आणि तो येत नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते शाळेत कसे असते, हे आम्ही शिक्षक सांगू शकतो.

आणि मुलांमार्फत निरोप पाठवणे, पालक हो, हे आज घरी गेल्यावर बंद करा. "तुझ्या बापाला सांग फी भरायला", "तुझ्या आईला सांग दागिने परत द्यायला". मूल निरोप पोहोचवते आणि उत्तरातला सगळा संताप त्याच्या अंगावर येतो. निरोप द्यायला मामू आहेत, चाचा आहेत, जमातीतली जाणती माणसे आहेत, व्हॉट्सॲप आहे. मूल नको.

तलाक ठरल्यावर मुलाला सांगायचे कसे, असे मला एका पालकांनी विचारले होते. शक्य असेल तर दोघांनी मिळून सांगावे. नसेल तर ज्याच्याजवळ मूल राहणार आहे त्याने. थोडक्यात आणि खरे सांगावे. अब्बा आणि अम्मी आता वेगवेगळ्या घरी राहणार. हे तुझ्यामुळे झालेले नाही. तू याच शाळेत जाशील, किंवा नानांच्या गावच्या शाळेत जाशील, जे ठरले असेल ते. अब्बांना तू अमुक दिवशी भेटशील. बस्स. "अब्बा कामावर गेले आहेत" असे सांगून दोन वर्षे काढलेली घरे मी पाहिली आहेत. त्या मुलाला खरी गोष्ट शेवटी शाळेच्या मैदानावर कळते, दुसऱ्या मुलाच्या तोंडून.

आपल्या धर्माने या बाबतीत काय शिकवले आहे, ते येथे बसलेल्या आलिम मंडळींना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तरी दोन गोष्टींचा उल्लेख करतो, कारण त्या अगदी याच विषयाच्या आहेत. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पिणाऱ्या बाळाची व्यवस्था सांगताना आई आणि बाप या दोघांपैकी कोणालाही मुलाच्या निमित्ताने त्रास दिला जाऊ नये, असा आदेश आहे. मुलाला हत्यार करू नका, हे इतक्या स्पष्टपणे सांगितलेले आहे. दुसरी गोष्ट अबू हुरैरा यांच्याकडून आलेल्या हदीसची. एका मुलावरून आई-बापांत वाद होता. पैगंबरांनी मुलाला सांगितले की हा तुझा बाप, ही तुझी आई, ज्याचा हवा त्याचा हात धर. मुलाने आईचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली. आपल्यातील शाफई मंडळी या आधारानेच साधारण सातव्या वर्षी, मुलाला समज आल्यावर, त्याची निवड मानतात. हनफी फिक्हात मुलगा सात वर्षांपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ, असा नियम आहे. न्यायालयात गेल्यास १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मुलाचे हित पाहिले जाते, आणि मूल समजदार असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते.

पण आपल्या बैठकीत काय होते? वीस-पंचवीस माणसे, एका बाजूला दादीकडचे, दुसऱ्या बाजूला नानीकडचे, आणि मध्ये नऊ वर्षांचे पोर उभे करून दरडावून विचारतात, "बोल, कोणाकडे राहणार?" त्याने एक नाव घेतले की दुसरी बाजू नमकहराम म्हणते. याला त्या हदीसचे पालन म्हणता येणार नाही. कौटुंबिक न्यायालयात निदान एवढे असते की १९८४ च्या कायद्याने तेथे समुपदेशक नेमलेले असतात आणि न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात, गर्दीपासून दूर बोलू शकतात. आपल्या जमातीनेही एवढे करायला हरकत नाही. मुलाला विचारायचेच असेल तर एका खोलीत, दोन शांत माणसांनी, त्याला सरबत देऊन विचारा, आणि तो "मला दोघे हवेत" म्हणाला तर ते उत्तरही उत्तर म्हणून लिहून घ्या.

कायद्याच्या दोन गोष्टी, कारण त्यांवाचून मुलांची शाळा सुटते. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यात तलाकनंतर मुलाच्या पोषणाविषयी जन्मापासून दोन वर्षांचा उल्लेख आहे. त्यावरून बापाची जबाबदारी दोन वर्षांतच संपते अशी समजूत आपल्याकडे पसरली आहे. ती चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून यांच्या खटल्यात स्पष्ट केले की ती तरतूद आईसाठी आहे. मुलांचा पोटगीचा हक्क स्वतंत्र असून तो सज्ञान होईपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत लग्न होईपर्यंत राहतो. त्या वेळी हा हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता; १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. दुसरे असे की तलाकनंतर आई माहेरी जाते आणि मूल वर्षाच्या मध्येच शाळा सोडते. शाळा सोडल्याचा दाखला बापाकडे किंवा जुन्या शाळेत अडकला म्हणून मूल घरी बसवून ठेवलेले मी पाहिले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळा दाखल्याच्या उशिराच्या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही. मूल घेऊन शाळेत जा. दाखला मागून येईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे घडले असेल तर तुम्ही मघाची लाल दिव्याची गोष्ट लक्षात ठेवलीच असेल. ज्यांच्या घरी घडलेले नाही त्यांना सांगतो. तुमच्या बाकावरच्या मित्राला कारण विचारू नका. त्याने सांगितले तर ऐका, आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्याला सांगू नका. तो गप्प असेल तर त्याला खेळायला बोलवा. संघात एक गडी कमी आहे असे म्हणा, तो येईल.

आता आपल्या शाळेविषयी. तिकडच्या शाळांत समाजकार्यकर्ते असतात, परिचारिका असते. आपल्या एका वर्गात साठ मुले आणि एक शिक्षक. तेव्हा तिकडचे जसेच्या तसे उचलून आणणे मला मान्य नाही. पण नीट पाहिले तर त्या गटाला लागते काय? एक खोली, दोन जबाबदार माणसे, आठवड्याला एक तासिका, आणि त्या दोन माणसांना थोडे प्रशिक्षण. इमारत निधी लागत नाही. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले असून जूनपासून शनिवारी शेवटच्या तासिकेला ग्रंथालयाच्या खोलीत पाचवी ते सातवीच्या मुलांचा एक गट सुरू करण्याचे ठरले आहे. एक बाई आणि मी असे दोघे तो चालवू. नाव 'शनिवार मंडळ' एवढेच राहील. ज्यांचे वडील वारले आहेत किंवा बरीच वर्षे परदेशी आहेत, अशी मुलेही त्यात असावीत असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. त्यामुळे मंडळावर तलाकाचा शिक्का बसणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. मात्र ज्या मुलाचा बाप दोन गल्ल्या सोडून राहतो आणि भेटत नाही, त्याचे दुःख यतीम मुलाच्या दुःखासारखे नसते. त्याला त्याच्यासारखेच कोणी तरी भेटावे लागते. म्हणून काही बैठका एकत्र आणि काही वेगळ्या, असे करून पाहू.

गटात बोललेले गटाबाहेर जाणार नाही; ते आम्ही तुम्हालाही सांगणार नाही. अपवाद एकच, मुलाला कोणी इजा करीत असेल किंवा मूल स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल तर. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नव्हे. मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, मरणाच्या गोष्टी निघू लागल्या, तर आम्ही जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे जायला सांगू, आणि तुम्ही जावे. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. मुले स्वतः तो फिरवू शकतात. हे दोन्ही क्रमांक जिन्याजवळच्या फलकावर लिहून ठेवले आहेत.

मंडळासाठी पालकांची संमती लागेल. संमतीपत्रकाचे कोरे नमुने कार्यालयात लिपिकांकडे आहेत. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाची सही पुरेशी आहे. मूल नाना-नानींकडे किंवा मामूंकडे राहत असेल तर त्यांची चालेल. नमुन्यात मुलाचे नाव, इयत्ता आणि तुकडी एवढेच विचारले आहे. कारणाचा रकाना ठेवलेला नाही.